टरफलांची गोष्ट मास्तरांच्या बाजूनं

दरवर्षी २३ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला रत्नागिरीतल्या शाळाशाळांतून एक गोष्ट ऐकू येते. चौथी-पाचवीतलं पोर पाठ करून आणलेलं भाषण सुरू करतं, अध्यक्षमहाशय आणि पूज्य गुरुजनवर्ग एका दमात आटोपतं आणि थेट शेंगांच्या टरफलांवर येतं. वर्गभर टरफलं पडलेली, मास्तर तापलेले, सगळ्या वर्गाला छडी, आणि मी शेंगा खाल्ल्या नाहीत तेव्हा टरफलं उचलणार नाही नि मारही खाणार नाही, असं सांगणारा बाळ टिळक. टाळ्या पडतात. मुलं वर्गात परततात. तासाभरानं त्यातलाच एखादा बाईंना म्हणतो, ‘बाई, मी नव्हतो बोलत, तो बोलत होता.’ मग कार्टं फार शहाणं झालंय म्हणून त्याला बाकावर उभं केलं जातं. त्याच दिवशी, त्याच शाळेत.

टिळक जन्मले ते रत्नागिरीत, १८५६ साली. टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान अजून लोक बघायला येतात. वडील गंगाधरपंत इथेच शिक्षक होते आणि १८६६ साली बदली होऊन पुण्याला गेले. म्हणजे बाळच्या घरातच मास्तर होता. टरफलांची गोष्ट सांगोवांगीची आहे, तिला चरित्रातल्या पुराव्याचा भार घालू नये. पण ती आपण नेहमी मुलाच्या बाजूनं सांगतो. वर्गावर उभं राहून रोज घसा कोरडा करणाऱ्यांनी एकदा मास्तरांच्या बाजूनं वाचून पाहावी. त्या मास्तरांचं चुकलं काय? कचरा झाला म्हणून रागावणं रास्तच होतं. मात्र कोणी केला हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यांनी शिक्षा सगळ्यांना सुनावली. आणि जी आज्ञा एखादा ऐकणारच नाही अशी आज्ञा भर वर्गात देऊन बसले. त्या क्षणी वर्ग बाळचा झाला. पुढे मास्तर काहीही करोत, त्यांची हार ठरलेली होती.

हे आवाहन वर्गात शिकवणाऱ्यांना आहे. नुकतेच रुजू झालेले शिक्षण सेवक, हायस्कूलमधले सर आणि मॅडम, माडीवर क्लास घेणारे, बचतगटाच्या बायकांना हिशेब शिकवणाऱ्या ताई, आंबा बागायतदारांसमोर उभे राहणारे कृषी सहायक, सगळ्यांना. शिकवत असताना मध्येच बोलून, हसवून, उलट विचारून किंवा नुसतं बाक वाजवून जो आपला तास मोडतो, त्याचं काय करायचं?

माझं सांगणं एका वाक्यात मावतं: त्याच्याशी भांडण वर्गासमोर करू नका. जे बोलायचं ते जरूर बोला, स्पष्ट बोला, पण चाळीस डोकी बघत असताना बोलू नका.

व्यत्यय आणणाऱ्याला बहुतेक वेळा तुमच्याशी काहीच देणंघेणं नसतं. त्याला बघणारे हवे असतात. तुम्ही शिकवणं थांबवून, कमरेवर हात ठेवून ‘काय रे ए’ म्हणालात की त्याला रंगमंच मिळाला. आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. मान खाली घालायची आणि मित्रांत भित्रा ठरायचं, किंवा आणखी एक वाक्य फेकायचं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा यातलं काय निवडेल हे सांगायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. म्हणून पहिली गोष्ट, शिकवणं थांबवू नका. बोलत बोलतच त्याच्या बाकाजवळ जा आणि तिथेच उभे राहा. धडा तिथूनच पुढे वाचा. हवं तर बाकावर बोट टेकवा. नाव घ्यायचं तर वाक्यात गुंफून घ्या, ‘आता समजा, हा सुहास बाजारातून दोन डझन आंबे घेऊन आला.’ एवढ्यानं निम्म्याहून अधिक प्रकरणं मिटतात. जे मिटत नाही त्याला एक वाक्य, हळू आवाजात, त्याच्या एकट्याच्या कानाशी: ‘हे आपण मधल्या सुट्टीत बोलू.’ आणि लगेच पाठ फिरवून पुढे चला. पाठ फिरवणं फार महत्त्वाचं. तिथेच उभं राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलात तर तो उत्तर देणारच.

मधल्या सुट्टीत बोलायचं म्हटलं की मग खरोखर बोलायचं. चहाच्या नादात विसरलात तर पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहणार नाही.

आणि एक प्रश्न कायमचा सोडून द्या. ‘मी आत्ता काय शिकवत होतो, सांग बघू!’ हा प्रश्न कोणी उत्तराच्या अपेक्षेनं विचारत नाही. तो मुलगा पडावा म्हणून विचारला जातो आणि मुलांना ते कळतं. शिवाय कधीकधी तो बरोबर उत्तर देतो. मग काय करणार?

जेकब कूनिन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. आपल्याच वर्गात पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी एकदा झापलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या विद्यार्थ्यापेक्षा आजूबाजूची मुलंच सावरून बसली. ज्यांना काही बोललेलं नव्हतं ती. तिथून त्यांनी हा विषय अभ्यासाला घेतला, वर्गांच्या चित्रफिती काढल्या, तासन् तास पाहिल्या, आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना शोधायचं होतं की मुलांना कसं दटावलं म्हणजे वर्ग ताब्यात राहतो. सापडलं ते वेगळंच. ज्यांचा वर्ग ताब्यात असतो आणि ज्यांचा नसतो, त्या शिक्षकांच्या दटावण्यात म्हणण्यासारखा फरकच नव्हता. फरक होता तो गडबड होण्याआधी ते काय करत त्यात. चांगल्या शिक्षकाला फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकावर काय चाललंय याची जाण असते, आणि मुख्य म्हणजे ती त्याला आहे हे मुलांना ठाऊक असतं. एकाच वेळी दोन गोष्टी त्याला सांभाळता येतात. त्याचा तास अडखळत नाही, एका कामातून दुसऱ्या कामात मुलं रिकामी न राहता जातात.

आता आपल्या तासाकडे पाहू. घंटा होते, बाई येतात, हजेरी घेतात. मग पुस्तक मुलांपैकी कोणाकडून तरी मागून घेतात. कुठवर आलो होतो ते विचारतात. तेवढ्यात पोषण आहाराची संख्या मोबाइलवर भरायची आठवण होते, ती भरेपर्यंत रेंज जाते. दहा मिनिटं गेली. या दहा मिनिटांत मुलांनी मुकाट बसावं अशी अपेक्षा कोणत्या न्यायानं करायची? गोंधळ मुलांनी घातला हे खरं, पण जागा आपण करून दिली. म्हणून घंटेच्या आधीच फळ्यावर एक उदाहरण, एक कोडं, एक नकाशातली खूण तयार असू दे. मुलं आली की वहीत उतरवायला लागतील. हजेरी त्या वेळात होते. टिळक स्वतः न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये शिकवत तेव्हा गणित तोंडीच सोडवून सांगत, फळ्याकडे फारसं वळत नसत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. कच्च्या मुलांचे त्यात हाल होत असतील. पण वर्गाकडे पाठ करून खडू चालवणाऱ्याच्याच पाठीवर कागदाचं विमान येतं, हेही खरं.

मध्ये बोलणारे सगळे एका जातीचे नसतात आणि सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

एक असतो उतावळा. प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडणारा. याला आपण शिस्तीचा प्रश्न समजत नाही, उलट ‘शाब्बास’ म्हणून त्याच्यावरच वर्ग चालवतो. तपासनीस आले की त्यालाच उठवतो. पण त्याच्या एका ओरडण्यानं पस्तीस मुलांचं विचार करणं बंद पडतं, आणि विचार बंद पडलेली मुलं दुसरे उद्योग शोधतात. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वर्ग ऐकले तेव्हा असं दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, आणि दटावण्याचे प्रसंगही कमी होतात. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात एक, दोन, तीन. शिकवताना ते फार लांब वाटतात. थांबून बघा. नियम एवढाच करा की प्रश्नाला हात वर, आवाज नाही, आणि उत्तर कोण देणार ते चिठ्ठी ठरवेल. मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवल्या की उतावळ्याला राग धरायला माणूस उरत नाही.

दुसरा असतो बरोबर असलेला. हा सगळ्यांत अवघड. टिळकांचीच दुसरी गोष्ट आहे. पुण्याच्या शाळेत शुद्धलेखन चालू असताना त्यांनी ‘संत’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला, मास्तरांनी त्यातला एकच बरोबर धरला, आणि पोरगं हटून बसलं की तिन्ही बरोबर आहेत. प्रकरण हेडमास्तरांपर्यंत गेलं म्हणतात. आज हाच मुलगा मोबाइलवर बघून येतो आणि म्हणतो, ‘सर, पुस्तकात चुकलंय.’ अशा वेळी दोन वाक्यं पुरतात. ‘असेल. मी आज बघतो, उद्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.’ फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्याचा प्रश्न लिहून ठेवा, पुसू नका. दुसऱ्या दिवशी उत्तर द्या, तो बरोबर असेल तर त्याच्या नावानं द्या. यात मास्तरांचं वजन कमी होत नाही. कमी होतं ते ‘मला शिकवतोस का?’ म्हटल्यावर. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा: प्रश्न चांगला आहे म्हणून ताबडतोब सगळा तास त्याच्यामागे न्यायचा नाही. फळ्याचा कोपरा त्याच्यासाठीच आहे.

तिसरा विनोदी. हा तर आमच्या जिल्ह्याचं पीकच. पु. लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीचाच निघावा यात कोणाला नवल वाटलेलं ऐकिवात नाही. समोरचा काहीतरी गंभीर सांगत असावा आणि मागून एक तिरकं वाक्य यावं, ही इथली जुनी कला आहे. आठवीतल्या मुलानं ती घरच्या पडवीत, एसटीच्या थांब्यावर, भजनाच्या बैठकीत ऐकलेली असते. तो वर्गात तेच करतो. विनोद खरोखर चांगला असेल तर हसा. मनापासून, एकदा. मास्तर हसले की त्या विनोदातलं बंड निघून जातं. दुसऱ्यांदा हसू नका, तिसऱ्या वेळी मधल्या सुट्टीचं वाक्य. आणि त्याच्या खवचटपणाला तुमच्या खवचटपणानं उत्तर देऊ नका. तुम्ही जिंकालच, चाळीस वर्षांचा सराव आहे. पण त्याच्या बापाच्या दारूवर, आईच्या कामावर, त्याच्या बोलीवर नेम धरून केलेला विनोद तो मुलगा साठाव्या वर्षीही विसरत नाही. घरची बोली बोलणाऱ्या मुलाची वर्गात नक्कल करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलं हसतात. त्यानंतर ते पोर एक तर तोंड उघडत नाही, नाहीतर उघडतं ते फक्त गोंधळ घालायला.

चौथ्याबद्दल थोडं सावकाश बोललं पाहिजे. तो वारंवार शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाले?’ त्यामुळे दोघंही बोलताना सापडतात. किंवा फळ्याजवळ उठून येतो. किंवा सतत चुळबुळतो, सांगितलेलं अर्धंच करतो. अशा मुलाला उनाड ठरवण्याआधी त्याच्या कानातून पू येतो का हे विचारा. त्याला चष्मा लागतो का बघा. त्यानं सकाळी काही खाल्लंय का तेही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी ‘सगळे ठीक’ म्हणून रजिस्टर पुढे सरकवू नका, या मुलाचं नाव घेऊन डॉक्टरांना सांगा. चुळबुळ सहा महिने, सगळ्या तासांना, घरीही तशीच असेल तर ती खोडी नसून अवधानाचा त्रास असू शकतो. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. आपलं काम त्याला पुढच्या बाकावर घेणं, काम लहान तुकड्यांत देणं आणि मध्येमध्ये खडू आणायला, वह्या वाटायला उठवणं. कित्येक घरांत बाप मुंबईला, आई कामाला, आणि मूल आजीजवळ असतं. आजीला बोलावून तिच्यापुढे तक्रारींचा पाढा वाचण्यात अर्थ नसतो. ती बिचारी रडते आणि घरी जाऊन मुलाला बडवते. मुंबईला फोन लावा, आणि पहिला फोन मुलानं काहीतरी चांगलं केलं त्या दिवशी लावा. दुसरा फोन तक्रारीचा असला तरी मग बाप ऐकतो.

शिक्षेबद्दल. ‘आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही शिकलो’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत नेहमी ऐकू येतं. छडीमुळे जे शाळा सोडून गेले ते त्या पंगतीत हे सांगायला नसतात. ते राहू दे. कायद्याचं बोलू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. दोन्ही शब्द कायद्यात आहेत. म्हणजे हात न लावता ‘तुझ्या घराण्यात कोणी शिकलंय का’ असं विचारणंही त्यात येऊ शकतं. कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. वर्गाबाहेर उभं करणं हाही मला वेडेपणाच वाटतो. बाहेर व्हरांडा असतो, मैदान दिसतं, येणारीजाणारी मुलं असतात. जो तासाला कंटाळलाय त्याला आपण तासातून सुट्टी देतो आणि त्याला शिक्षा म्हणतो.

सगळ्या वर्गाला शिक्षा तर कधीच नको. कोण बोललं ते कळलं नाही तर ‘मला कळलं नाही’ असं सरळ म्हणा आणि धडा पुढे न्या. एकासाठी सगळ्यांची खेळाची तासिका कापली की पस्तीस निरपराध मुलं त्या एकाच्या बाजूला जातात. आणि ज्याचं नाव सांग म्हणून तुम्ही वर्गाला वेठीस धरता, त्याचं नाव सांगणारं मूल मधल्या सुट्टीत एकटं पडतं. मुलांना चुगलखोर बनवून मिळवलेली शांतता दोन दिवस टिकते.

वरचं सगळं एका वर्गावर एक शिक्षक आहे असं धरून लिहिलं. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तसं नसतं. दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यातले गुरुजी पंचायत समितीत सभेला गेले की बाई एकट्या. पहिलीला अक्षर गिरवायला लावलं की तिसरीचं गणित संपलेलं असतं, आणि ‘बाई, झालं’ हा पुकारा चारही बाजूंनी येतो. हाही व्यत्ययच, पण यात उनाडकी शून्य आहे. काम संपलेलं मूल पुढचं काम मागतंय. इथे दटावणं हा गाढवपणा ठरेल. काम संपल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. कोपऱ्यात पुस्तकांची पेटी, उदाहरणांच्या चिठ्ठ्यांचा डबा, आणि ‘बाईंना विचारण्याआधी दोन मित्रांना विचारायचं’ हा नियम. चौथीच्या मुलीला पहिलीच्या दोघांना वाचून दाखवायला बसवलं तर दोन्ही वर्ग गुंततात. ज्या मुलाला सर्वांत जास्त बोलायचं असतं त्याला हे काम द्या. वर्गनायक मात्र त्याला करू नका. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा वर्गनायक ही एक वाईट प्रथा आहे, ती बंद करावी.

पावसाचंही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि बऱ्याच शाळांवर पत्रा आहे. सर कोसळली की शेवटच्या बाकाला अक्षर ऐकू येत नाही. मुलं मोठ्यानं बोलतात कारण त्यांना एकमेकांचंही ऐकू येत नाही. त्यावर ओरडून शिकवणाऱ्याचा घसा ऑगस्टपर्यंत जातो. सर आली की बोलणं बंद, लेखन सुरू, हे जूनमध्येच ठरवून टाका. तसंच गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणि शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना नवा, कठीण धडा काढू नये. रात्रभर पालखीमागे नाचलेलं पोर सकाळी पेंगणार किंवा चेकाळणार. त्याला पालखीवर दहा ओळी लिहायला सांगा. तो लिहील.

साने गुरुजींचं नाव या विषयात निघतंच. पालगडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या तर न बोलता स्वतः आवरून ठेवत. ‘साने गुरुजींसारखं प्रेम द्या’ असं प्रशिक्षणात सांगून मोकळं होणं सोपं आहे. एका शिक्षकाकडून, त्याची ऑनलाइन माहिती, निवडणूक, जनगणना सांभाळून, तेवढं होणार नाही आणि त्याची लाज बाळगण्याचं कारण नाही. पण त्यांच्याकडून घेण्यासारखं एक आहे. त्यांचं वर्गातलं वजन वर्गाबाहेरच्या वेळातून आलं होतं. आपल्याला छात्रालय नको, पाच मिनिटं पुरतात. त्रास देणाऱ्या मुलाशी आठवडाभर रोज दोन-चार वाक्यं बोला, अभ्यास आणि वागणूक सोडून. होडी कधी निघाली, बांगडा मिळाला का, क्रिकेटमध्ये कोण जिंकलं. लाच म्हणून नव्हे. ज्या माणसाला आपण ओळखतो त्याचा तास मोडायला मुलांना जरा जड जातं, एवढंच.

आणि पहिल्याच दिवशी सगळं फसलं तर? गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाचा, मूळ गुजराती, मराठीत मिळतं. त्यातला हौशी शिक्षक मोठ्या तयारीनं वर्गात जातो, शांततेचा खेळ घेतो, आणि मुलं असा धुडगूस घालतात की पहिल्या दिवशी त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. तिथून वर्ग त्याचा होतो. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डीला आणि कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या अशाच धीरावर.

मोठ्या माणसांचा वर्ग घेणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं. आंबा बागायतदारांची सभा आहे, फुलकिडे आणि तुडतुड्यांवर बोलायला दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कोणी आलंय, आणि पहिल्या रांगेतले काका उठतात. ‘आमच्या आजोबांनी कधी कल्टार घातलं नव्हतं, तरी हापूस लागत होता.’ मग आजोबांची सगळी बाग. वयानं मोठे, गावात मान. त्यांना गप्प बसवणं सभ्यपणात बसत नाही आणि बोलू दिलं तर सभा संपते. यांनाही प्रेक्षकच हवे असतात, तेव्हा ते आधीच द्या. सभेपूर्वी गाठून विचारा, ‘काका, जुन्या पद्धतीवर पाच मिनिटं तुम्हीच बोला, शेवटी.’ बोलायची वेळ ठरली की माणूस मध्ये बोलत नाही. तरीही उठलेच तर त्यांच्या बोलण्यातला एक मुद्दा उचला, ‘काकांनी खताचा मुद्दा काढला तो बरोबर आहे, तिकडेच येतोय,’ आणि श्वास न घेता पुढे जा. बचतगटाच्या प्रशिक्षणात मध्येमध्ये बोलणाऱ्या बायकांबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. तिथे बोलू द्यावं. ज्या बाईला आयुष्यात प्रथमच चारचौघांत बोलायला मिळतंय, तिला विषयांतर केलं म्हणून थांबवू नका. हिशेब उद्या शिकवता येईल.

पालकांना एकच विनंती. ‘सर, मारा त्याला, आमची काही हरकत नाही’ असं म्हणू नका. हरकत कायद्याची आहे. शिवाय हे वाक्य मुलगा शेजारी उभा राहून ऐकत असतो. त्यापेक्षा घरी जेवताना कोणी बोलत असलं की मध्ये बोलायचं नाही, हा नियम मोठ्यांसकट सगळ्यांना लावा.

केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना शेवटचं सांगणं. नव्या शिक्षकाचा वर्ग हाताबाहेर जातो तेव्हा तो कोणाला सांगत नाही, कारण वर्ग सांभाळता येत नाही असा शिक्का बसेल ही भीती असते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवण्यात जो वेळ जातो त्यातला अर्धा तास या विषयाला काढा. प्रत्येकानं आपल्या वर्गातला एक प्रसंग आणावा, मुलाचं नाव न घेता, आणि जुन्या शिक्षकांनी आधी आणावा. नव्यानं काय करायला हवं होतं हे सांगण्याआधी एकदा त्याच्या वर्गात मागच्या बाकावर पूर्ण तास बसून या. परिपत्रकं मोबाइलवर आलेलीच असतात.